दिंडी दरवाज्याबाहेरची बाई

मराठी ऐतिहासिक कादंबरीत बाई राजकारणात येते ती बहुतेक वेळा वाड्याच्या आतून. ती कुणाची आई असते, कुणाची राणी, कुणाची सून. जिजाबाई, येसूबाई, ताराबाई, रमाबाई, आनंदीबाई. प्रत्येकीचं कर्तृत्व किंवा कारस्थान मोठं, आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला नाही. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल', रणजित देसायांची 'स्वामी' (१९६२), ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) या पुस्तकांवर आमच्या पिढ्या पोसल्या. मीही त्यांतलीच. पण आज ती पानं पुन्हा चाळताना नजर भलत्याच ठिकाणी अडते. दिवाणखान्यात मसलत रंगलेली असते, आणि समया कुणीतरी आधीच लावून गेलेलं असतं. विडे कुणीतरी करून ठेवलेले असतात. दासी, कुणबिणी, बटकी येतात, निरोप पोचवतात, प्रसंगी धनिणीसाठी जीवही देतात, आणि प्रकरणाबरोबर संपून जातात. मसलत चालू असताना त्यांचं तान्हं पोर कुणापाशी होतं, हा प्रश्न कादंबरीला पडत नाही.

या तीन भागांच्या कादंबरीची नायिका त्या दिंडी दरवाज्याबाहेरची आहे. रहिमतपूरची, रोजानं रानात जाणारी, नवऱ्यानं टाकलेली. तिचा काळ पेशवाईचा नाही. १९२० नंतरच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत ती, तिची सून आणि तिची नात अशा तिघींची हयात पसरली आहे. "तलवार नाही, तख्त नाही, मग ही ऐतिहासिक कशी?" असं हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारलं. इतिहास म्हणवून घ्यायला एखादी गोष्ट किती जुनी असावी लागते, याचा काही कायदा नाही. गिरणगावातले भोंगे थांबून एक पिढी उलटली. साताऱ्यात इंग्रजी राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारात प्रत्यक्ष वावरलेली माणसं एकेक करून गेली. दळायचं जातं आता हॉटेलांच्या दारात शोभेला मांडलेलं दिसतं. एवढं पुरेसं आहे, असं मला वाटतं.

रहिमतपूर निवडण्यामागं जिव्हाळा आहेच, पण हिशेबही आहे. कोरेगाव तालुक्यातलं, कमंडलू नदीकाठचं हे पेठेचं गाव. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर इथं आहे, मशीद आहे, आणि इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली नगरपालिका आहे. खेडं म्हणावं तर बाजारपेठ आडवी येते. शहर म्हणावं तर वेशीबाहेर पडताच आल्याची आणि घेवड्याची रानं लागतात. रोजगारी बाईच्या दृष्टीनं असं गाव फार महत्त्वाचं. रानात काम नसेल त्या दिवशी व्यापाऱ्याच्या वखारीत धान्य निवडायला, शेंगा फोडायला जाता येतं. त्यामुळं तिला पाटलाचा वाडाही आतून माहीत असतो आणि व्यापाऱ्याचं तागडंही. ज्वारीचा भाव पडला की मजुरी पडते, पण ज्वारी चढली म्हणून मजुरी चढत नाही, हे ती कुणाच्या भाषणातून शिकत नाही.

याच गावात वसंत कानेटकरांचा जन्म झाला, हा योगायोग मला सोडवला नाही. 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकांनी मराठी माणसाला इतिहासातल्या घराची, बापलेकांच्या दुराव्याची गोष्ट ऐकायची सवय लावली. त्याच कानेटकरांनी पुढं 'हिमालयाची सावली' लिहिलं. नवऱ्याच्या सार्वजनिक कार्याचा रोजचा खर्च घरात कोण भरतं, हे त्यातल्या बयोनं रंगभूमीवर ठणकावून सांगितलं. माझ्या नायिकेचं बयोशी लांबचं नातं लागतं. फरक इतकाच, की बयोचा नवरा थोर होता. हिला तशी काही सोय नाही. घरचा खर्चही हिचा आणि कार्यही हिचंच.

आता रेल्वेविषयी. या कादंबरीचा कणा कुठला असं कुणी विचारलं, तर मी पुणे-मिरज लोहमार्गाकडं बोट दाखवीन. रहिमतपूर स्टेशनातून दक्षिणेकडं निघालं की कऱ्हाड लागतं, मग शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, आणि पुढं सांगली, मिरज. १९४३ ते १९४६ या काळातलं प्रतिसरकार समजून घ्यायला एवढी स्टेशनं जवळजवळ पुरतात. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवली गेली. किर्लोस्करवाडीपासून कुंडल पायी जाण्याच्या अंतरावर, आणि कुंडल ही प्रतिसरकारची राजधानीच. उत्तरेकडं निघालं की पुणं, आणि गाडी बदलली की मुंबई. ही लाइन मीटरगेज होती, गाडी संथ होती, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बोचकं उराशी धरून बसलेल्या बाईकडं कुणी दोनदा पाहत नसे. हे न पाहिलं जाणंच पुढं तिच्या कामी येतं.

पहिल्या भागात ती उत्तरेकडं जाते. सातारा जिल्ह्यातून मुंबईला माणसं जात होती ती मुख्यत्वे पुरुष. बायको मागं राहायची. शेताचा तुकडा, म्हातारा-म्हातारी आणि सावकार सांभाळायची. ज्या बायका स्वतः गिरणीत लागल्या, त्यांत विधवा आणि टाकलेल्या अशा पुष्कळ होत्या. गावात ज्यांना जागा उरली नव्हती त्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागं साधारण एक बाई होती, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. आपल्या मनातला गिरणी कामगार धोतर-टोपीतला किंवा लेंग्यातला पुरुषच असतो. बायका असत त्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. काम उक्त्यावर, म्हणजे जेवढं सूत उतरेल तेवढा दाम. वर नायकीण. कामावर घेणारी तीच, काढणारी तीच, दस्तुरी खाणारीही तीच. पहिल्या भागातलं सगळ्यात मोठं पात्र ही नायकीण आहे. तिला खलनायिका करणं सोपं होतं. मी ते टाळलं. पुरुषांच्या कारखान्यात पन्नास बायकांचं पोट एका मुठीत ठेवणारी बाई सत्ता कशी चालवते, हे माझ्या नायिकेनं पहिल्यांदा तिच्याकडंच पाहिलं. राजकारणातली तिची गुरू गांधीवादी नाही, कम्युनिस्टही नाही. ती नायकीण आहे.

तान्ह्या पोराचा प्रश्न मी वर उगाच काढला नाही. गिरणीत जाताना पोर चाळीत म्हातारीपाशी ठेवायचं, आणि ते दिवसभर निपचित राहावं म्हणून अफूची बाळगोळी चाटवायची, ही त्या काळची सर्रास रीत. सरकारी चौकशांतही तिची नोंद झाली. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, त्याच्या बाजूनं डॉ. आंबेडकर कौन्सिलात बोलले होते. कायदा चांगलाच होता. पण खर्च मालकावर पडणार म्हटल्यावर मालक बायका घ्यायला कुरकुरू लागले. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं यांनी उरलेलं काम केलं. पुढच्या काही दशकांत गिरणीतल्या बायका घटत घटत नावापुरत्या राहिल्या. कल्याणाच्या कायद्यानं जिचं कल्याण व्हायचं तिचीच नोकरी जावी, हा पेच कादंबरीकाराला फार मोलाचा. त्यात दुष्ट माणूस शोधून सापडत नाही.

आणि जात. कष्टकरी म्हणून सगळे एक, हे सभेत ठीक होतं. कापड खात्यात धोट्यातलं सूत संपलं की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. म्हणजे एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना कापड खात्यात, जिथं मजुरी जास्त होती तिथं, येऊ दिलं जात नसे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाख कामगारांचा तो प्रचंड संप चालला, तेव्हा आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. माझी नायिका मराठ्याची आहे. तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी, तिच्याच तालुक्यातून आलेली मैत्रीण महारवाड्यातली. दोघी एकाच नळावर भांडतात, एकाच संपात उपाशी राहतात, आणि संप मिटल्यावर एकीचा भाऊ कापड खात्यात लागतो, दुसरीचा लागत नाही. या मैत्रीला मी पुढं जोडत बसले नाही. ती तुटते आणि तुटलेलीच राहते.

हा प्रांत माझ्या आधी कुणी तुडवला नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' गिरणगावावर लिहिली ती १९३० च्या दशकातच. त्यांची बिजली ही मराठीतली बहुधा पहिली धीट कामगार नायिका. तेव्हा ती ताजी बातमी होती, आता ती इतिहास आहे. वाटेगावहून पोरवयात पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे 'वैजयंता', 'चंदन', 'चित्रा' अशा नायिका घेऊन आले. अण्णा भाऊंच्या बायका राबतात, बोलतात, प्रसंगी हात उगारतात. पण त्यांची लढाई बहुतेक वेळा अब्रूसाठी असते आणि समोर एखादा नराधम असतो. नराधम मेला किंवा हरला की कादंबरी थांबते. मला पुढचं हवं होतं. नराधम नसलेल्या साध्या मंगळवारी बाई सभेला का जाते, ते. त्यासाठी बाहेरचं एक पुस्तक कामी आलं, गॉर्कीची 'आई'. रशियन कामगाराची ती अडाणी, मार खाल्लेली विधवा कारखान्यात खाणं विकायला म्हणून शिरते आणि अंगात लपवून पत्रकं आत नेते. मराठी वाचकाला ती अनेक वर्षांपासून परिचित आहे. पण गॉर्कीची आई मुलाच्या मायेपोटी राजकारणात आली. आपल्याकडच्या बायका कशानं आल्या, याचं उत्तर रशियात सापडणार नव्हतं.

आपल्याकडं ते उत्तर देणारी काही पुस्तकं आहेत. उषाताई डांगे यांचं 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाई भोर यांची 'एका रणरागिणीची हकिकत'. ही आत्मचरित्रं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. संपाच्या पोटात आणखी एक संप असतो, तो चुलीचा. सहा महिने पगार नाही, तरी माणसं जेवली कुठं? वाणी उधारी तोडतो, पठाण दारात बसतो, आणि खानावळवाली वही पुढं लिहीत राहते. पुढं १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांचं. संपाचे इतिहास लिहिणाऱ्यांनी युनियनच्या पावत्या मोजल्या. खानावळीच्या वह्या कुणी जपून ठेवल्या असत्या, तर गिरणगावाचा वेगळाच इतिहास हाती लागला असता.

दुसऱ्या भागात ती गावी परतते. आता गाडी दक्षिणेकडं.

सप्टेंबर १९४२. तासगाव, वडूज, इस्लामपूर असे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावला मामलेदाराला तिरंगा लावायला लावला. वडूजला ९ तारखेला गोळ्या चालल्या, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे हुतात्मे झाले. वडूज म्हणजे रहिमतपूरच्या लोकांचा शेजार. बातमी तोंडोतोंडी आली ती नक्कीच मूळच्यापेक्षा मोठी होऊन आली असणार. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायनिवाडे, दरोडेखोरांचा बंदोबस्त, सावकाराला चाप, थोडक्या खर्चातली गांधी लग्नं. या प्रतिसरकारच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या पत्रीसरकारच्या, शिक्षांबद्दल आजही मिटक्या मारत बोललं जातं. मला त्यांच्या निवाड्यांतला एक प्रकार जास्त ओढून घेतो. बायकोला छळणाऱ्यालाही तिथं जाब विचारला जाई. इंग्रजाच्या कोर्टात टाकलेल्या बाईला वकील परवडत नव्हता, जातपंचायतीत तिला तोंड नव्हतं. रात्री कुणाच्या तरी मळ्यात, कंदिलाच्या उजेडात बसलेल्या या न्यायासनापुढं तिला उभं राहता आलं. माझी नायिका प्रतिसरकारात सैनिक म्हणून येत नाही. ती फिर्याद घेऊन येते. निवाडा तिच्या बाजूनं लागतो, अर्धाच. नवऱ्यानं पोटगीची ज्वारी द्यायची, पण ती त्याच्या दारी जाऊन मागून आणायची. तिथं तिचं आणि न्यायासनाचं पहिलं भांडण होतं. ते भांडण म्हणजे तिचा राजकारणातला प्रवेश.

भूमिगतांना गावोगाव भाकरी मिळाली, हे वाक्य प्रत्येक इतिहासात आहे. मी त्या वाक्यापाशी थोडा मुक्काम केला. दहा माणसं रात्री आली. उपाशी, चालून आलेली. माणशी तीन भाकरी धरल्या तरी तीस. तीस भाकरींचं पीठ म्हणजे तीन-चार शेर ज्वारी. ती दळलेली नसली तर अपरात्री जातं ओढायचं, आणि जात्याची घरघर मातीच्या भिंतीआड राहत नाही. दळण तयार असलं तरी भाकरी थापल्याचा आवाज येतोच. एवढ्या रात्री चूल का पेटली, हे धुराच्या वासावरून शेजारणीला कळतं. ती शेजारीण पोलीस पाटलाची चुलतबहीण असते. म्हणजे भाकरी देणाऱ्या बाईनं त्या रात्रीपुरतं आधी शेजारणीचं राजकारण केलेलं असतं. तिच्या लेकीचं बाळंतपण केलेलं असतं, तिची उसनी डाळ परत मागितलेली नसते. शिवाय ज्वारी कुणाची? सुगीत कणसं खुडून मिळालेल्या पायल्यांतली. ती फाल्गुनाऐवजी पौषातच संपली, तर पोरांना काय घालायचं हे ठरवणारीही तीच. या एका रात्रीवर दुसऱ्या भागातली चाळीसेक पानं खर्च झाली आहेत. संपादकांना ती जास्त वाटली. मी कमी केली नाहीत.

या भागात हौसाबाई पाटील खऱ्या नावानं येतात. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही मुलगी. पुढाऱ्याची लेक म्हटली की डोळ्यांपुढं जे येतं, तसं तिचं काही नव्हतं. आई लहानपणीच गेली. सरकारनं घर-जमीन जप्त केलेली, बाप भूमिगत, आसरा द्यायला लोक भ्यायचे. आजीच्या सोबतीनं बैलगाडी भाड्यानं हाकून, गूळ-शेंगा-धान्याची ने-आण करून पोट भरलेली ही मुलगी. १९४३ मध्ये भवानीनगरच्या ठाण्यासमोर तिनं घरगुती भांडणाचं नाटक वठवलं. सोबतचा कार्यकर्ता तिला मारू लागला, तिनं आकांत मांडला, पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं लांबवली. मार खोटा वाटू नये म्हणून तो खराच बसला होता, आणि त्याबद्दल हौसाबाईंनी नंतर त्या गड्याला चांगलं सुनावलंही. पुढं गोव्यात कैदेत असलेल्या सहकाऱ्याला अंबाड्यात चिठ्ठी लपवून निरोप पोचवणारी आणि रात्री मांडवी नदी पार करून परतणारी हीच. २०२१ च्या सप्टेंबरात पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

भवानीनगरचा हा किस्सा सांगताना ऐकणारे हसतात. हसू येतंच. पण त्या युक्तीचं बळ कशात होतं, ते पाहायला हवं. भर रस्त्यात बाईला मारणं ही त्या काळी इतकी रोजची गोष्ट होती, की कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. चळवळीनं बाईच्या रोजच्या दुःखाचा आडोसा केला, आणि तो आडोसा पक्का निघाला. कादंबरीत माझ्या नायिकेच्या कानावर ही हकिकत येते, तेव्हा भोवतीचे गडी पोट धरून हसतात. ती विचारते, त्या पोरीला लागलं का? एवढाच प्रश्न.

किर्लोस्करवाडीबद्दल एक गोष्ट मला कधीपासून खुणावते आहे. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये नांगरांचा कारखाना काढला, त्याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर' (१९२०) आणि 'स्त्री' (१९३०) ही मासिकं चालवली. मराठी मध्यमवर्गीय बाई काय नेसेल, काय शिकेल, लग्न कुणाशी करील, याची सगळी चर्चा इथं छापली गेली. आणि तासाभराच्या चालीवर कुंडल. तिथं अक्षरशत्रू बाया पिस्तुलं धान्याच्या कणगीत पुरून ठेवत होत्या. या दोन जगांची गाठ पडली असेल का? कारखान्यातले तरुण कामगार चळवळीत होते, तेव्हा पुरुषांची पडली हे नक्की. बायकांची पडल्याचं मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून मी ती पाडली आहे. 'स्त्री'चा एक जुना अंक रद्दीतून नायिकेच्या हाती येतो. तिला वाचता येत नाही. मुखपृष्ठावरच्या बाईकडं बघून ती विचारते, हिच्याकडं पाणी कोण भरतं.

इंदुताई पाटणकर यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कऱ्हाड तालुक्यातल्या इंदोलीच्या. वडील स्वातंत्र्यचळवळीतले. सोळा-सतरा वर्षांच्या असताना घर सोडून त्या चळवळीत उतरल्या, प्रतिसरकारात हत्यारांची ने-आण केली, कासेगावच्या बाबुजी पाटणकरांशी लग्न केलं. १९५२ मध्ये बाबुजींचा खून झाला. पदरी लहान मूल. पुढं शाळेत शिकवून संसार चालवला, आणि उतारवयात परित्यक्तांच्या चळवळीत पुढं होऊन उभ्या राहिल्या. टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, ही त्या चळवळीची मागणी. हे वाचलं आणि माझ्या तीन भागांचा सांधा जुळला. १९२० च्या दशकात नवऱ्यानं टाकलेली बाई गिरणीत जाते. तिची नात पन्नास-साठ वर्षांनी त्याच कारणासाठी तहसील कचेरीवर बसते. मधल्या काळात राज्य बदललं, झेंडा बदलला, आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव मात्र पळून गेलेल्या नवऱ्याचंच राहिलं.

तिसऱ्या भागाबद्दल वाचकांची तक्रार येईल, हे मला ठाऊक आहे. पुष्कळांना वाटेल की इतकं सोसलेली, इतकं केलेली नायिका शेवटी आमदार तरी व्हावी. सोय होती. १९५७ मध्ये नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तेव्हा त्यांच्या प्रचारात फिरलेल्या बाईला कादंबरीत एखादं तिकीट देणं माझ्या हातात होतं. पण पिस्तुलं वाहिलेल्या बायांपैकी किती जणींना स्वातंत्र्यानंतर व्यासपीठावर खुर्ची मिळाली? त्या घरी गेल्या. कुणी पाठवलं नाही, कुणी बोलावलंही नाही. साखर कारखाने आले, सोसायट्या आल्या, राजकारण सभासदत्वाचं झालं, आणि सभासद व्हायला नावावर ऊस लागतो. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ नंतर महागाईविरोधात लाटणी रस्त्यावर आणली आणि १९७७ मध्ये दोघीही खासदार झाल्या. त्या मोर्चांत चाळीतल्या बायका हजारांनी होत्या, पण संसदेपर्यंतची वाट शिकलेल्या, घरची बैठक असलेल्या बाईलाच सापडली. यात त्या दोघींना उणं लेखण्याचा हेतू नाही. वाट तशी होती, एवढंच.

म्हणून १९७२ च्या दुष्काळात माझी नायिका खडी फोडायला जाते, म्हातारपणी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात ज्याचा प्रयोग करून पाहिला आणि जी पुढं राज्याची रोजगार हमी झाली, त्या योजनेच्या कामांवर बायांची झुंबड असे. तिथं राजकारण हजेरीपटावर चालतं. मुकादम हजेरीपटावर अंगठा कुणाचा घेतो, ब्रासचं माप कसं धरतो, झाडाखाली पाळणा बांधायला सावली देतो की नाही. नायिकेला गिरणीतली नायकीण आठवते. ती सगळ्या बायांना सांगते, माप घेताना टेपचं टोक आपण धरायचं. तिच्या सबंध राजकीय हयातीतला हा सगळ्यात मोठा विजय आहे आणि त्यासाठी तिला कुठली निवडणूक लढवावी लागत नाही.

निवडणूक लढवते ती नात. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, गावोगावच्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत बायांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि ज्यांनी जन्मात बायकोला बाजारात एकटीला पाठवलं नव्हतं ते फॉर्म भरायला तिला जीपमधून घेऊन गेले. या प्रकारावर मराठीत विनोद पुष्कळ झाला आहे. तो सगळा मी टाळला. फॉर्मवर सही करायला शिकलेली बाई दुसऱ्या वर्षी ठराव वाचून मगच सही करते, आणि तेव्हा घरात जे होतं ते विनोदी नसतं.

शेवटी इतिहास कुठवर आणि कल्पना कुठून, हे सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. नाना पाटील, हौसाबाई, इंदुताई, तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड ही खरी माणसं. ज्या घटना त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या आहेत तेवढ्यातच ती इथं दिसतात, आणि त्यांच्या तोंडी मी माझं वाक्य घातलेलं नाही. नायिका, तिची मैत्रीण, नायकीण, मळ्यातलं न्यायासन आणि त्याचा अर्धा निवाडा हे सगळं कल्पित. रहिमतपूर नगरपालिकेची म्हणून तिसऱ्या भागात जी निवडणूक येते तीही कल्पित आहे. तसे उमेदवार, तसा वॉर्ड, तशी मतमोजणी प्रत्यक्षात शोधू नये. पेठेतल्या व्यापाऱ्याचं घर कुणाच्याही घरावरून उचललेलं नाही. भाषा मात्र उचललेली आहे. कोरेगाव-खटावकडच्या बायांच्या बोलण्यातले हेल, शिव्या आणि आडवळणं होती तशी ठेवली आहेत, आणि शिव्यांच्या जागी टिंबं टाकण्याची सूचना मी मानलेली नाही.